बालाघाटाला टोक नाही

आमच्या भागातल्या डोंगरांना टोक नसतं. घाटनांदूर सोडून अंबाजोगाईच्या रस्त्याला लागलं, की बालाघाटाच्या रांगा दिसतात त्या वरून सपाट, कडेला उतरत्या आणि मध्येच पायरीसारख्या मोडलेल्या. कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरत गेले, त्यांचाच हा दगड झाला. माथे पसरट राहिले ते त्यामुळे. भूगोलाच्या तासाला मुलं हे धडाधड सांगतात. पण पाचवीत नव्याने आलेल्या वर्गाला कोरा कागद देऊन ‘निसर्गचित्र काढा’ म्हटलं, की बाकाबाकावर एकच चित्र उमटतं. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या फटीतून वर येणारा अर्धा सूर्य, खाली वळत जाणारी निळी नदी, काठावर कौलारू घर आणि नारळाचं झाड. आमच्याकडे घरं माळवदाची, पत्र्याची, आता स्लॅबची. नदीला पाणी असतं ते पावसाळ्यापुरतं. नारळ मुलांना माहीत असतो तो देवळात फोडायचा.

आर्ट टीचर डिप्लोमा करून मी इथे चित्रकला शिकवायला आले, तेव्हा पहिल्या काही तासांतच एका वर्गाला मैदानात नेलं आणि म्हटलं, आधी नुसतं बघा, मग काढा. एक मुलगा बराच वेळ डोळे बारीक करून उभा होता. मग म्हणाला, “मॅडम, आपल्या डोंगराला शेंडाच न्हाई. कुणीतरी वरून कापल्यावानी दिसतंय.”

“मग तसाच काढ.”

“पण मग ते डोंगर वाटंल का?”

तो प्रश्न त्याने अगदी मनापासून विचारला होता. डोंगर त्याने रोज पाहिलेला होता. परंतु ‘डोंगर’ म्हणून जे मान्य आहे ते त्याने वहीच्या वेष्टनावर, कॅलेंडरवर, मोठ्या भावाच्या चित्रात पाहिलं होतं. आणि स्वतःचे डोळे एक सांगतात, छापील चित्र दुसरं सांगतं, असं झालं की तो छापील चित्राच्या बाजूने उभा राहत होता. आपलं पाहणं चुकीचं असणार, ही समजूत दहावं वर्ष लागायच्या आधीच पक्की झालेली असते. मी हे वर्गावर्गात पाहिलं आहे, आणि मला त्याची काळजी वाटते, कारण ही समजूत चित्रापुरती राहत नाही. हेच मूल पुढे स्वतःची बोली दाबून ठेवतं, घरचं जेवण डब्यात झाकून खातं, आई-वडील काय काम करतात ते सांगताना खाली बघतं.

चित्रकलेच्या तासाचं खरं काम इथून सुरू होतं. मुलाला जे ठाऊक आहे त्याला कागदावर जागा मिळाली पाहिजे. ज्या गावात ते राहतं ते गाव चित्रात यायच्या लायकीचं आहे हे त्याला उमगलं पाहिजे. छायाप्रकाश, प्रमाण, रंगसंगती हे सगळं मी शिकवते, मन लावून शिकवते, पण ते त्याच्या मागून येतं.

गावचं रेल्वे स्टेशन परळी ते लातूर रोड या मार्गावर आहे. यथार्थदर्शन शिकवायला फलाटाच्या टोकाइतकी चांगली जागा मला दुसरी सापडलेली नाही. सातवीचा वर्ग तिथे बसवला होता. रूळ लांब जाता जाता जवळ येतात आणि क्षितिजाशी एका बिंदूत मिळतात, हे सगळ्यांना दिसलं, सगळ्यांनी तसं काढलं. एका मुलीने मात्र रूळ शेवटपर्यंत समांतर नेले. कारण विचारलं तर म्हणाली, “मिळाले तर गाडी पडंल की मॅडम.” मी तिला पेन्सिल डोळ्यासमोर आडवी धरून रुळांमधलं अंतर मोजायला लावलं, जवळचं मोज, लांबचं मोज. तिला फरक कळला आणि दुसऱ्या कागदावर तिने बिंदूत मिळणारे रूळ काढले. पहिला कागद मी तिला फाडू दिला नाही. एका जागी उभ्या राहिलेल्या डोळ्याला जग कसं दिसतं याचे नियम अल्बर्टीने इटलीत १४३५ मध्ये लिहून ठेवले; त्याच्या आधी आणि नंतरही जगातल्या कितीतरी चित्रकारांनी, आपल्याकडच्या लघुचित्रांच्या चित्रकारांनीसुद्धा, दिसतं त्याच्याबरोबर ठाऊक असतं तेही चित्रात राखलं. त्या मुलीचे दोन्ही कागद तेव्हा खरे होते, आणि ते दोन्ही कसे खरे आहेत यावर त्या दिवशी वर्गात जी चर्चा झाली ती मला अजून आठवते.

आता ऊसतोडीच्या मुलांबद्दल. मला मुख्यतः त्यांच्याबद्दलच लिहायचं आहे.

दसरा झाला की आमच्याकडचे वर्ग विरळ व्हायला लागतात. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी सातारा, पुणे, सोलापूर, कोणी थेट कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती अंगावर असते. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, म्हणजे बाई मागे राहू शकत नाही. आणि बाई गेली की तान्ह्याला सांभाळायला घरातली मोठी पोरगी लागतेच. काही मुलं आजीपाशी राहतात, काही हंगामी वसतिगृहाच्या आधाराने टिकतात, बाकीची गाडीत बसून जातात. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्यांचा पट्टा पडला की परत येतात. तोवर वर्ग अपूर्णांकांच्या पुढे गेलेला असतो, इंग्रजीचे धडे उलटलेले असतात. परत आलेलं मूल शेवटच्या बाकावर बसतं. शिक्षक त्याला पुढे बोलावतात, समजून घेतात, पण प्रत्येक तासाला त्याला जे विचारलं जातं ते त्याला येत नसलेलंच असतं.

असाच एक मुलगा, सहावीतला. परत येऊन थोडेच दिवस झाले होते, फारसा कोणाशी बोलत नव्हता. तासाला मी विषय दिला होता ‘वाहन’. मुलांनी मोटारी काढल्या, विमानं काढली, एकाने रॉकेट. याने टायरची बैलगाडी काढली, उसाने भरलेली. मी त्याच्या बाकापाशी थांबले ती थांबलेच. दोर कुठून सुरू होऊन कुठे आवळला आहे, मोळ्यांची तोंडं कोणत्या बाजूला आहेत, जुवाला शिवळा कशा बसल्या आहेत, सगळं जागच्या जागी होतं. उसाचा ढीग चाकाच्या मागे जास्त सरकला नव्हता, पुढेही झुकला नव्हता. मी त्याला विचारलं, ऊस असाच मधोमध का रचलास? तेव्हा त्याने मान वर केली. “मागं जास्त भरला तर गाडी उलाळ होती मॅडम. पुढं भरला तर बैलाच्या मानंवर येतंय.”

मी त्याला फळ्यापाशी बोलावलं आणि हे सगळ्यांना सांग म्हटलं. त्याने खडूने गाडी काढली आणि सांगितलं. आख आणि त्याच्या दोन्ही बाजूंचं वजन, रस्त्याला चढ आला की काय करायचं, उताराला काय करायचं. विज्ञानाच्या पुस्तकातली तरफ, टेकू आणि भार यांच्यासह, त्याने हातांनी उचललेली होती. पुढे बसणारी, पहिल्या नंबरची मुलं ऐकत होती. त्या दिवसापासून त्याची जागा शेवटच्या बाकावर राहिली नाही. मी ती बदलली नव्हती. मधल्या सुट्टीनंतर पोरांनीच त्याला आपल्यात ओढून घेतलं.

चित्राने त्याला बोलतं केलं, एवढंच म्हणून मी थांबणार नाही. ज्या सहा महिन्यांना हजेरीपटावर ‘गैरहजर’ म्हणतात, त्या सहा महिन्यांत ही मुलं केवढं तरी शिकलेली असतात. ते मोजायला आपल्याकडे परीक्षा नाही. पाटी-पेन्सिलची परीक्षा त्याला शून्य देते. हातात रंग दिला तर मात्र ते शिकणं दिसायला लागतं, आधी मला, मग त्याच्या सोबत्यांना, आणि सगळ्यात शेवटी त्याला स्वतःला.

एका मुलीने कोपी काढली होती. कोपी म्हणजे फडाजवळ, कारखान्याच्या तळावर बांबू, चटई आणि प्लास्टिकच्या कागदाची उभी केलेली राहुटी. तिने बाहेरून कोपीचा आकार काढला आणि त्याच आकारात आतलं सगळं दाखवलं: तीन दगडांची चूल, पाण्याचा ड्रम, दोरीवरचे कपडे, पाळण्यात भाऊ, कोपऱ्यात विळा-कोयता, आणि झोपलेल्या आईच्या उशाशी मोबाइल, कारण पहाटेच उठायचं असतं. कोणी म्हणेल, भिंतीतून आतलं कसं दिसेल, चित्र चुकलं. मुलांच्या चित्रांचा आयुष्यभर अभ्यास करणारे व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात हे नीट मांडून ठेवलं आहे. साधारण सात ते नऊ वर्षांचं मूल भिंत पारदर्शक करून आतलं काढतं, कारण त्या वयात त्याच्यासाठी घराचं बाहेरचं रूप कमी महत्त्वाचं आणि आतलं जगणं जास्त महत्त्वाचं असतं. ही मुलगी त्या वयाहून मोठी होती. बाहेरून कोपी कशी दिसते हे तिला व्यवस्थित काढता आलं असतं. तिने आतलं काढायचं ठरवलं, आणि माझ्या मते योग्य ठरवलं. कारण बाहेरून सगळ्या कोप्या सारख्या दिसतात आणि जाणारे-येणारे तेवढंच पाहून पुढे जातात.

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या वर्षी आमच्या मुलांच्या चित्रांतून नदी आपोआप नाहीशी झाली. टँकर आले, टँकरच्या नळीपाशी घागरींची रांग आली, जनावरांच्या छावण्या आल्या. त्रिकोणी डोंगर मात्र काहींच्या चित्रांत टँकरच्या मागे तसेच उभे होते. सवय किती खोल असते ते मला त्यात दिसलं.

मुलांनी जे जगलंय ते त्यांच्या हातून कामातून, मातीतून, रंगातून बाहेर यावं, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. वर्ध्याजवळ सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेत देवीप्रसाद १९४४ पासून १९६२ पर्यंत कलाशिक्षक होते. शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली शिकलेला हा माणूस खेड्यातल्या मुलांबरोबर राहिला, त्यांच्या चित्रांकडे त्याने सगळ्यात गंभीर कामाकडे पाहावं तसं पाहिलं. पुढे त्या अनुभवावर त्यांनी पुस्तक लिहिलं, ‘आर्ट : द बेसिस ऑफ एज्युकेशन’. कला हा शिक्षणाचा पायाच आहे, ही त्यांची भूमिका. सेवाग्रामच्या त्या वर्गांना जी मोकळीक होती ती आमच्या वेळापत्रकात नाही. तरी खेड्यातली शाळा कलाशिक्षणासाठी कमी पडते, असं कोणी म्हणालं की मी त्यांचं उदाहरण सांगते. खेड्यात साधनं कमी असतील. पाहण्यासारखं कमी नसतं.

साधनांचं मात्र बोललं पाहिजे. ‘उद्या रंगपेटी घेऊन या’ हे वाक्य मी वर्गात उच्चारत नाही. ज्या घरात किराण्याचा हिशेब आठवड्याच्या बाजारावर चालतो, तिथे त्या एका वाक्याने मूल दुसऱ्या दिवशी शाळेतच येत नाही. रंग शाळेत, सगळ्यांचे मिळून असतात. विकतचे संपतात तेव्हा आम्ही करतो. गेरू आणि चुनखडी तर सारवलेल्या प्रत्येक घरात असायची. काळा रंग कंदिलाच्या काजळीचा किंवा कोळशाचा. कपड्यांची नीळ. पिवळी हळद, आणि त्याच हळदीत चुन्याची निवळी घातली की वर्गाच्या डोळ्यांसमोर लालभडक होते, तेव्हा जो गलका उठतो त्याला तोड नाही. फाल्गुनात पळसाची फुलं उकळून केशरी-पिवळा रंग निघतो. हे सगळं कागदाला धरून ठेवायला बाभळीचा डिंक भिजवून घालायचा. दुकानातल्या जलरंगाच्या वडीतही असाच बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक असतो. हे कळलं तेव्हा एका मुलाने विचारलं, म्हणजे आपल्या बांधावरच्या झाडाचं मुंबईला जातं का? कुठून कुठे जातं ते मला माहीत नव्हतं, पण रंग हा दुकानात जन्मतो ही त्याची कल्पना त्या दिवशी मोडली आणि पुढच्या आठवड्यात त्याने चार निरनिराळ्या विहिरींवरची माती आणून चार निरनिराळे तपकिरी रंग केले.

अंबाजोगाईला सहल नेली की योगेश्वरीचं दर्शन, मुकुंदराजांची समाधी आणि हत्तीखाना ठरलेला. हत्तीखान्यात अखंड दगडात कोरलेले मोठे हत्ती आहेत. खरा हत्ती ज्यांनी कधी पाहिला नाही अशी मुलं त्या दगडी हत्तींसमोर बसून त्यांच्या पायांची जाडी पेन्सिलने मोजत असतात. पण माझ्या कामाला खरी दिशा मिळाली ती दासोपंतांच्या पासोडीने. सोळाव्या-सतराव्या शतकातले हे संतकवी. नुसत्या ‘गीतार्णव’ या ग्रंथाच्याच सव्वा लाख ओव्या सांगितल्या जातात, एवढा प्रचंड लिहिणारा माणूस. त्यांनी पंचीकरणासारखा वेदान्तातला अवघड विषय सांगण्यासाठी कागद घेतला नाही, कापड घेतलं. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा पासोडीवर त्यांनी ओव्याही लिहिल्या आणि विषय उलगडून दाखवणाऱ्या आकृत्याही काढल्या. अक्षर आणि चित्र एकाच कापडावर, एकमेकांना समजावत. अंबाजोगाईत ती जपलेली आहे. आमच्यापासून एवढ्या जवळ चारशे वर्षांपूर्वी कोणीतरी शिकवण्यासाठी चित्र काढलं होतं, आणि आम्ही मात्र चित्रकला हा जोडविषय म्हणून वेळापत्रकाच्या तळाशी ठेवतो.

मी मुलांना म्हटलं, आपणही एक पासोडी करू. मांजरपाट आणला. त्याला खळ देऊन, वाळवून, वरून काचेच्या पेल्याने घासून गुळगुळीत केला. हे काम मुलींच्या आयांनी हौसेने शिकवलं. विषय मुलांनीच ठरवला: दसऱ्यापासून पट्टा पडेपर्यंत. जी मुलं ऊसतोडीला गेली होती त्यांनी वाट काढायची आणि जी मागे राहिली होती त्यांनी गाव काढायचं. वरच्या कडेला वाट, खालच्या कडेला गाव, आणि डावीकडून उजवीकडे महिने सरकत जाणार.

सुरुवातीला मागे राहिलेल्या मुलांना वाटलं, आपल्याला काढायला काय आहे, आपण तर कुठेच गेलो नाही. मग एकेक निघत गेलं. कुलूप लावलेली घरं. आजी आणि दोन नातवंडं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात कडब्याची कोप करून पाच दगडांचे पांडव चुन्याने रंगवतात, अंबील आणि भज्जी नेतात. त्या पंगतीत आई-बाप नसलेली दोन पोरं. वरच्या कडेला त्याच तारखेच्या वर फडातलं पाचट आणि भाकरी. हे दोन तुकडे एकमेकांच्या वर-खाली येणार हे आधी ठरलं नव्हतं. कापडावर मधोमध जी रिकामी पट्टी उरली होती तिथे एका मुलीने मोबाइल काढला, वरच्या बाजूला एक कान, खालच्या बाजूला एक कान. तिथे काय लिहायचं म्हणून तिने मला विचारलं. मी म्हटलं, तू काय बोलतेस ते लिही. तिने लिहिलं: “जेवली का?” हे खालून वर होतं. वरून खाली आईचंही तेच.

ती पासोडी वर्गाच्या भिंतीवर मावेना म्हणून व्हरांड्यात लावली. पालकसभेला सहसा न येणारे पालक ती बघायला आले. वाट दाखवणाऱ्या भागात कोणती गावं कोणत्या क्रमाने येतात यावर दोन बापांचा वाद झाला आणि एकाने पेन्सिल मागून घेऊन एक पूल दुरुस्त केला. मराठीच्या शिक्षकांनी त्यावरून निबंध लिहून घेतले. भूगोलाच्या बाईंनी त्या वाटेवर नद्या भरल्या. गणिताच्या सरांनी टनाचा भाव आणि मोळ्यांची संख्या यांची उदाहरणं घातली. कलेला इतर विषयांशी जोडा, असं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं. ते कसं होतं ते मी त्या व्हरांड्यात पाहिलं. ते झालं, कारण आधी चित्राला चित्र म्हणून पुरता वेळ मिळाला होता. धड्यातला तक्ता सजवून घेण्यापुरता चित्रकलेचा उपयोग केला, तर यातलं काहीही होत नाही.

शासकीय रेखाकला परीक्षांबद्दल माझं मत स्वच्छ आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांनी महाराष्ट्रातल्या लहान गावांत चित्रकला जिवंत ठेवली. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन यांची तयारी करताना मूल खरोखर शिस्त शिकतं. ‘मला चित्र येत नाही’ म्हणणाऱ्या मुली संकल्पचित्राला बसल्या की अंगण आठवतं त्यांना. पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी रोज बिनचूक घालणाऱ्या हाताला समरूपता नव्याने शिकवावी लागत नाही. तिला नाव आहे एवढंच सांगावं लागतं. दहावीच्या निकालात इंटरमिजिएटच्या अ श्रेणीला ७, ब ला ५ आणि क ला ३ गुण वाढीव मिळायला लागल्यापासून परीक्षेला बसणाऱ्यांची गर्दी झाली. त्यातून चांगलंही झालं, पूर्वी कधी ब्रश न धरलेली मुलं आली. पण आता काही पालक विचारतात, कमीत कमी किती चित्रं काढली की श्रेणी मिळेल? आणि काही ठिकाणी मुलांना एकच ठरलेलं स्मरणचित्र घोटायला लावतात, विषय कोणताही येवो. स्मरणातून काढायच्या चित्राचं पाठांतर करून घेणं मला सहन होत नाही. दोन त्रिकोणी डोंगर मुलांच्या हातात असेच कोणीतरी दिलेले असतात.

“चित्र काढून पोट भरतं का?” हा प्रश्न मला रस्त्यात थांबवून विचारला जातो. विचारणाऱ्याचा राग येत नाही; पोटासाठी इतक्या लांब जाणाऱ्या गावाने हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मी खरं तेच सांगते. चित्रकार होऊन त्यावर जगणारे थोडे. पण माझ्याकडे शिकलेला एक जण लोखंडी गेट आणि खिडक्या करतो आणि गिऱ्हाइकासमोर बसल्या जागी नक्षी काढून दाखवतो. एक मुलगी शिवणकाम करते, तिची ब्लाउजची कापणी वाया जात नाही. एक गवंडी आहे, त्याला नकाशा वाचता येतो, म्हणून तो आता दुसऱ्यांच्या हाताखाली नाही. हे झालं पोटाचं. मला स्वतःला याहून महत्त्वाचं वाटतं ते वेगळं आहे: जे आपण रोज करतो, रोज पाहतो, त्याला मांडता येतं, त्याच्याबद्दल सांगता येतं आणि ऐकणारा ऐकतो, हा अनुभव मुलाला दहा-बारा वर्षांचं असताना एकदा तरी यायला हवा. श्रीमंत घरातल्या मुलाला तो जेवणाच्या टेबलावर मिळतो. आमच्या मुलांना तो शाळेत मिळाला नाही तर बहुधा कुठेच मिळत नाही.

म्हणून नियमांत जे लिहिलं आहे ते वाचून वाईट वाटतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीत १०० पेक्षा जास्त मुलं असतील, तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक द्यावा असं आहे. अंशकालीन, आणि तोही १०० च्या वर पट असेल तर. वाड्या-तांड्यांवरच्या शाळांचा पट तेवढा भरत नाही. आणि ऊसतोडीला जाणारी मुलं नेमकी त्याच वाड्या-तांड्यांवरची असतात. ज्यांना या तासाची सगळ्यात जास्त गरज, त्यांच्या शाळेत तो तास घ्यायला माणूस असण्याची शक्यता सगळ्यात कमी. ही अट बदलली पाहिजे. पट कितीही असो, चार-पाच शाळांना मिळून एक पूर्ण वेळचा कलाशिक्षक देता येईल. ज्या शाळांत शिक्षक आहे तिथेही सहामाही जवळ आली की चित्रकलेचा तास गणिताला जातो. तसं होऊ नये म्हणून तो वेळापत्रकात पहिल्या सत्रात ठेवावा, दिवसाच्या शेवटी ठेवू नये. पहिल्या सत्रातला तास सहजासहजी कोणी मागत नाही.

दरम्यान आपल्या हातात आहे ते करायचं. दसऱ्याच्या आधी आम्ही जाणाऱ्या मुलांसाठी वह्या शिवतो. पाठकोरे कागद, जाड पुठ्ठा, गोधडीच्या दोऱ्याची शिलाई, वर प्लास्टिकची पिशवी, कारण कोपीत दव पडतं. सोबत पेन्सिल, तेलखडूचे तुकडे आणि एक गोष्ट स्पष्ट सांगितलेली: यात चांगलं चित्र काढायचं नाही, जे दिसेल ते काढायचं. काही वह्या परत येतच नाहीत, काही ओल्या होऊन येतात, काहींत पहिल्या चार पानांपुढे कोरं असतं. आणि काही भरून येतात: उसाचं वाढं खाणारा बैल, कारखान्याची चिमणी, रात्रीचे ट्रॅक्टरचे दिवे, तिथल्या शाळेच्या बंद फाटकातून दिसणारी मुलं.

गेल्या हंगामात एका मुलाच्या वहीत चित्रांच्या मधून मधून आकडे होते, त्याच्या हाताचे नव्हेत असे. विचारलं तेव्हा कळलं, त्याचे वडील खेपांचा हिशेब त्याच वहीत ठेवत होते, पोराच्या गाडीच्या चित्राखाली त्या दिवसाच्या गाडीचं वजन. मुकादमाशी हिशेबाला बसताना ती वही उपयोगी पडली असं ते शाळेत येऊन सांगून गेले, आणि जाताना म्हणाले, “पुढच्या साली मागं चार पानं आखून द्या मॅडम. म्हंजे त्याची पानं मी खराब करणार न्हाई.” यंदाच्या वह्यांत मागची आठ पानं आखलेली आहेत.